मंत्रिमहोदय, आमच्या क्षांतीचा हा अर्थ नव्हे

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय जय भीम.

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात मी गेली एकोणीस वर्षे सेवा करते. गेल्या बुद्धपौर्णिमेला आपण येथे आलात, पुष्पे अर्पण केलीत आणि पावसाळ्यापूर्वी विहाराचे छत नवे होईल असा शब्द सर्वांसमक्ष दिलात. आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातील धम्मसाधनेचा काळ, सुरू झाला, तेव्हा बुद्धमूर्तीशेजारी गळतीखाली पातेले ठेवून आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. पातेले भरले की एक उपासिका उठायची, बाहेर ओतून यायची आणि पुन्हा हात जोडून बसायची.

एवढ्यावरही मी गप्प राहिले असते. परंतु परवा संबंधित कार्यालयात चौथ्यांदा गेले, तेव्हा आधीच दिलेला ना हरकत दाखला पुन्हा मागण्यात आला. मी पोच दाखवली, तर समोरचे साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही तर बुद्धाची माणसं, जरा धीर धरा." ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

धीर कशाला म्हणतात ते मी सांगते. वस्तीतील एका घरी पुण्यानुमोदनाचा विधी होता आणि दिवंगताचे दोन्ही मुलगे एका छपराखाली बसायला तयार नव्हते. भन्ते आणि मी तीन संध्याकाळी दोन्ही घरी गेलो, सामाईक भिंतीची तीच जुनी तक्रार दोन्हीकडून ऐकून घेतली, मध्ये एक शब्द बोललो नाही. चौथ्या दिवशी दोघे भाऊ वडिलांच्या तसबिरीसमोर शेजारी बसले. हिला आम्ही क्षांती म्हणतो. दहा पारमितांपैकी, म्हणजे धम्मात पूर्णत्वाला न्यायच्या दहा गुणांपैकी, ती एक आहे. दुःखात सापडलेल्या माणसासाठी ती आम्ही जपतो. कागद अडवून बसणाऱ्याने ती आमच्याकडे मागावी, हा धम्माचा अपमान आहे.

विहारातील अभ्यासिकेची पुस्तके भिजली. ती माझ्या पडवीत दोरीवर वाळत आहेत आणि स्पर्धा परीक्षेची अकरा मुले तेथेच दाटीवाटीने बसून अभ्यास करतात. ताडपत्री मी माझ्या निवृत्तिवेतनातून आणली. माझे गुडघे आता कार्यालयाचे दोन जिने चढू देत नाहीत. हे मागण्यांत बसत नाही, हे मला ठाऊक आहे, तरीही लिहिते.

कारण हे थांबायला सांगणे आजचे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आम्हांला धम्म दिला आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळण्यास १९९० साल उजाडले. बोधगयेच्या महाबोधी विहाराचा कारभार १९४९ च्या कायद्याने नेमलेली समिती पाहते आणि त्या समितीत बौद्ध सदस्य आजही चारच आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आम्ही ६५ लाखांहून अधिक आहोत, म्हणजे देशातील दर चार बौद्धांपैकी तीन येथे राहतात. इतक्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या थांबवून ठेवायचे आणि ते शांत राहिले की त्यांच्या शांतीचेच कौतुक करायचे, ही या व्यवस्थेची सवय झाली आहे. करुणेवर भाषण करणाऱ्यांनी आधी ही सवय मोडावी.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल. त्याआधी छताचे काम कोणत्या तारखेला सुरू होणार, ते लेखी कळवावे. आपण पुन्हा येणार असाल तर पाऊस चालू असताना यावे, आणि पुष्पे आणू नयेत.

आपली,
विहारातील एक उपासिका