कॅलिब्रेटर दुरुस्त केलात, पण तो किती चुकत होता ते सांगा

सांगली, २५ नोव्हेंबर

प्रति,
मा. प्रमुख, विक्रीपश्चात सेवा विभाग,
पुणे सेवा केंद्र

विषय : हार्ट कॅलिब्रेटर दुरुस्त करून देताना दुरुस्तीपूर्वीची रीडिंग न दिल्याबद्दल आणि मेमरीतील नोंदी पुसल्याबद्दल तक्रार.

संदर्भ : माझे तीन ईमेल, आपलं एक उत्तर आणि फोनवरची बरीचशी बोलणी.

महोदय,

कुपवाड एमआयडीसीत माझा कॅलिब्रेशनचा छोटा व्यवसाय आहे. मी आणि हाताखाली एक पोरगा, एवढाच आमचा पसारा. सांगली-कोल्हापूर भागातले साखर कारखाने, दोन डिस्टिलऱ्या आणि एक डेअरी यांची प्रेशर, फ्लो, लेव्हल आणि टेंपरेचरची ट्रान्समीटर, म्हणजे मोजलेलं माप ४ ते २० मिलिअँप करंटच्या रूपात कंट्रोल रूमला कळवणारी यंत्रं, आम्ही तपासतो. त्यासाठी दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून आपल्याकडून हातात धरायचा हार्ट कॅलिब्रेटर (हा करंट मोजतो आणि त्याच तारेवरून हार्ट पद्धतीने ट्रान्समीटरशी बोलतो) घेतला. हप्ते अजून चालू आहेत. जानेवारीत आपल्याच लॅबकडून त्याचं वार्षिक कॅलिब्रेशन करून घेतलं, त्याचं सर्टिफिकेट माझ्याकडे आहे.

ऑक्टोबरच्या मध्यात एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून फोन आला. बॉयलर ट्रायलवर होता. पीआरडीएसची, म्हणजे वाफेचा दाब आणि तापमान कमी करणाऱ्या स्टेशनची लाइन बंद होती, तरी कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर त्या लाइनला ताशी २.२ टन वाफ दिसत होती. पहिला संशय अर्थातच व्हॉल्व्हवर. 'पास होतोय', म्हणजे बंद असूनही वाफ सोडतोय, म्हणून फिटर लोकांनी त्याच्यावर एक अख्खी पाळी घालवली. मग हँडव्हॉल्व्हही आवळून बंद केला. पुढचा पाइप हात ठेवता येईल इतका गार झाला, तरी आकडा २.२ वरून हलेना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या लाइनचा फ्लो ट्रान्समीटर ऑगस्टमध्ये मीच करून दिला होता.

मी गेलो. मॅनिफोल्डचा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडला, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा आणि डीपी (दोन दाबांतला फरक, ज्यावरून फ्लो काढतात) शून्य. आपला कॅलिब्रेटर लूपमध्ये जोडला, हार्टवर ट्रान्समीटर लगेच बोलला. पीव्ही (ट्रान्समीटरने मोजलेलं माप) शून्य, आउटपुट ४.००० मिलिअँप, आणि कॅलिब्रेटरच्या स्वतःच्या मापातही ४.०००. सगळं हिरवं. माझ्या तोंडावर जरा हसूही आलं असेल, कारण आता दोष कंट्रोल रूमच्या इनपुट कार्डावर जाणार होता. तिथला एक जुना इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक काही न बोलता त्याचा मल्टिमीटर घेऊन आला आणि त्याने तोही त्याच लूपमध्ये सिरीजमध्ये लावला. त्यावर ४.०५. एकाच तारेतून एकच करंट जातोय, आणि शेजारी शेजारी ठेवलेली दोन मीटर दोन आकडे दाखवतायत.

साडेतीन हजारांच्या मल्टिमीटरवर विश्वास ठेवायला माझं मन तयार नव्हतं. हार्टसाठी लूपमध्ये २५० ओहमचा प्रिसिजन रेझिस्टर लावलेलाच होता. आपला कॅलिब्रेटर लूपमधून काढला, व्होल्टवर घेतला आणि रेझिस्टरच्या दोन टोकांना लावला. ४ मिलिअँप असते तर बरोबर १ व्होल्ट यायला हवा होता. आला १.०१२५. भागून बघा, ४.०५ मिलिअँप. तुमच्याच यंत्राच्या व्होल्टच्या मापाने तुमच्याच यंत्राच्या मिलिअँपच्या मापाविरुद्ध साक्ष दिली. लूप फिक्स करून १२ आणि २० मिलिअँपवरही असंच पाहिलं, फरक साधारण तेवढाच होता.

आपल्या हेल्पलाइनवरच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, हार्ट कनेक्ट होतंय ना? मग युनिट ओके आहे." म्हणून हे सविस्तर लिहितोय. हार्टचं बोलणं म्हणजे ४-२० मिलिअँपच्या करंटवर चढवलेले १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर. ते सूर ओळखता आले की बोलणं होतं. खालचा करंट ४.०० आहे की ४.०५, याच्याशी त्या बोलण्याला काही देणं-घेणं नसतं. यंत्राचं बोलणं अगदी नीट होतं, मोजणं चुकत होतं. आणि बोलणं नीट होतं म्हणूनच चूक इतके दिवस लपली.

आउटपुट ट्रिम करताना, म्हणजे ट्रान्समीटरचा करंट जुळवून घेताना काय होतं, हेही आपल्या माणसांना पुन्हा एकदा शिकवावं, ही विनंती. ट्रान्समीटर ४ मिलिअँप सोडतो, कॅलिब्रेटर ते मोजतो आणि मोजलेला आकडा हार्टवरून ट्रान्समीटरला कळवतो. ट्रान्समीटर बिचारा त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. कॅलिब्रेटरने ३.९५ म्हटलं की तो स्वतःला वर ओढून घेतो. त्या लूपमधल्या चांगल्याभल्या ट्रान्समीटरला मी आपल्या यंत्राच्या सांगण्यावरून बिघडवलं, आणि वर 'ट्रिम यशस्वी' असं वाचून स्टिकर लावून आलो.

०.०५ मिलिअँप म्हणजे ४ ते २० या १६ च्या स्पॅनवर ०.३ टक्का. प्रेशरच्या ट्रान्समीटरला एवढ्याने कुणी ओरडत नाही. पण फ्लोला डीपीचं वर्गमूळ काढलं जातं, आणि शून्याजवळ वर्गमूळ दयामाया दाखवत नाही. डीपीतला तो ०.३ टक्का फ्लोमध्ये साडेपाच टक्क्यांवर जातो. चाळीस टनांची रेंज, त्यात कारखान्याने लो-फ्लो कट-ऑफ (अगदी कमी फ्लो शून्य धरायची सोय) ठेवलेला नव्हता, म्हणून बंद लाइनमधून सव्वादोन टन वाफ वाहू लागली. कट-ऑफ असता तर आजही कुणाला पत्ता लागला नसता.

यात माझी चूक किती, तेही लिहितो, म्हणजे आपल्याला शोधत बसायला नको. मी प्रत्येक काम वहीत लिहितो. यंत्रात नोंद होते तरी लिहितो, वडिलांची सवय. वहीप्रमाणे गेल्या वर्षीच्या ऑफ सीझनमध्ये मी पाच ट्रान्समीटरना आउटपुट ट्रिम मारला होता. यंदा सदतीस. हल्लीच्या ट्रान्समीटरचं आउटपुट सहसा एवढं सरकत नाही. पंधराव्या-सोळाव्याला तरी माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही. ओव्हरहॉलिंगची घाई होती, पण ती सबब होत नाही.

त्या सदतीसपैकी पहिला ट्रिम १९ जूनचा आहे. त्याच्या आठवडाभर आधी आपला प्रतिनिधी माझ्या गाळ्यावर येऊन यंत्रात नवीन फर्मवेअर टाकून गेला होता. या दोन गोष्टींचा संबंध आहे असा माझा दावा नाही. तारखा तेवढ्या सांगतोय.

आता मूळ तक्रारीकडे येतो. यंत्र बिघडलं म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. यंत्रं बिघडतात, ती तपासण्यावर तर माझं पोट आहे. मी यंत्र आपल्याकडे पाठवलं तेव्हा सोबत पानभर टिपण जोडलं होतं. त्यात लाल शाईने लिहिलं होतं की कोणतीही ॲडजस्टमेंट करण्याआधी ॲज फाउंड, म्हणजे यंत्र आलं तेव्हाची रीडिंग घ्यावीत आणि ती मला लेखी द्यावीत. चोवीस दिवसांनी यंत्र परत आलं. सोबत झकास सर्टिफिकेट, प्रत्येक ओळीत 'पास'. पण सगळी रीडिंग ॲज लेफ्ट, म्हणजे दुरुस्तीनंतरची. यंत्र आलं तेव्हा ते किती चुकत होतं, याचा एकही आकडा त्यात नाही. आणि यंत्र चालू केलं तर मेमरी कोरी! जूनपासूनचे सगळे टॅग (ट्रान्समीटरची ओळखीची नावं) आणि सगळे निकाल गायब. टिपण मात्र खोक्यात जसंच्या तसं, घडीही न मोडलेली.

फोन केला तर उत्तर मिळालं, "तुम्हाला युनिट बरोबर करून मिळालं ना?" मिळालं. पण ते यंत्र जून ते ऑक्टोबर काय बोलत होतं, ते आता मला कुठून कळणार? डॉक्टरने ताप उतरवला हे चांगलंच, पण आधी ताप किती होता ते न मोजता उतरवला, अशातला हा प्रकार. मी फक्त मिलिअँपचं माप तपासू शकलो, तेही कारखान्याच्या शेडमध्ये एका रेझिस्टरवर. आरटीडी आणि थर्मोकपल (तापमानाचे सेन्सर), ओहम ही मापंही चुकत होती का? त्या काळात मी केलेल्या टेंपरेचर ट्रान्समीटरचं काय? ज्यांना मी ट्रिम मारला नाही, ती निदान होती तशी आहेत. पण ज्यांच्या सर्टिफिकेटवर मी सही केली त्या कागदाचं काय? एका गिऱ्हाइकाचं ऑडिट जानेवारीत आहे, आणि ऑडिटर पहिला कागद मागणार तो हाच.

ईमेलला आलेल्या उत्तरात म्हटलंय की ॲज फाउंड रीडिंग 'स्टँडर्ड पॅकेजमध्ये येत नाहीत', वेगळे पैसे भरले असते तर मिळाली असती. आपल्या लॅबच्या दारावर आयएसओ/आयईसी १७०२५ ची पाटी आहे. ॲडजस्टमेंट किंवा दुरुस्ती केली असेल तर तिच्या आधीचे आणि नंतरचे निकाल उपलब्ध असल्यास सर्टिफिकेटमध्ये द्यावेत, असं ते मानक सांगतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की ते निकाल उपलब्ध आहेत की नाहीत. घेतले असतील तर ते अडवून ठेवण्याचं कारण नाही. घेतलेच नसतील, तर बिघडलेलं म्हणून आलेलं यंत्र न मोजताच ॲडजस्ट केलं असं लेखी कळवा. त्याच उत्तरात 'युनिट पडलं असण्याची शक्यता' असाही शेरा आहे. यंत्राच्या अंगावर साधा ओरखडा नाही. आत आल्यावर काढलेले फोटो आपल्याकडे असतीलच, ते पाठवावेत.

दरम्यान हंगाम चालू झाला. मित्राचा कॅलिब्रेटर भाड्याने आणून मी सदतीसपैकी एकोणतीस ट्रान्समीटर पुन्हा करून दिले, फुकट. उरलेले आठ चालू लाइनवर आहेत, ते काढायचे तर कारखान्याच्या सवडीने. पहिल्या कारखान्याच्या साहेबांना मी सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण बिल अजून टेबलावरच आहे. तो जुना मेकॅनिक भेटला की विचारतो, "काय, आज कितीला चार?"

माझी मागणी पुढीलप्रमाणे. माझ्या यंत्राची ॲज फाउंड रीडिंग, निदान मिलिअँप मापाची ४, ८, १२, १६ आणि २० या पाच ठिकाणची, पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सही-शिक्क्यानिशी द्यावीत. आत कोणता भाग बदलला की नुसती सॉफ्टवेअरमध्ये ॲडजस्टमेंट केली, तेही त्यात लिहावं. मेमरीचा बॅकअप घेतला असेल तर तो परत करावा. दुरुस्तीचं बिल मी भरलं आहे, ते परत मिळावं. एकोणतीस ठिकाणी पुन्हा जाण्यायेण्याचा आणि यंत्राच्या भाड्याचा खर्च पावत्यांसह सोबत जोडला आहे, त्याचा विचार व्हावा. आणि अशा जून-जुलैत फर्मवेअर टाकलेल्या इतर यंत्रांची मिलिअँप मापं एकदा तपासून घ्यावीत. माझ्यासारखे आणखी काही जण 'ट्रिम यशस्वी' वाचून स्टिकर लावत असतील.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं की हे यंत्र धंद्यासाठी घेतलेलं असल्याने मी ग्राहक ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली व्याख्या त्यांनी पुढे वाचावी. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही. त्या कायद्याप्रमाणे तक्रार मी राहतो तिथेच, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात करता येते, पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. ही वेळ यावी अशी माझी इच्छा नाही. या यंत्राइतकं सोयीचं दुसरं यंत्र माझ्या पाहण्यात नाही आणि मला ते वापरायचं आहे.

यंत्र सध्या कपाटात आहे. रीडिंग मिळेपर्यंत मी त्याने कुणाच्याही ट्रान्समीटरला ट्रिम मारणार नाही.

आपला ग्राहक,
(सही)
कॅलिब्रेशन व्यावसायिक, कुपवाड एमआयडीसी, सांगली

सोबत : जानेवारीचं आणि आत्ताचं सर्टिफिकेट, वहीच्या संबंधित पानांच्या प्रती, दोन्ही मीटर एका लूपमध्ये दिसतात तो फोटो, खर्चाच्या पावत्या आणि आपण न उघडलेलं माझं टिपण.