काकांच्या तबकड्या दुकानात देऊ नकोस

प्रिय मित्रा,

काकांच्या गाण्याच्या जुन्या तबकड्या दुकानात देऊन कॉम्प्युटरवर घ्यायच्या का, हा तुझा मेसेज वाचला. फोनवर अर्धं राहून जाईल म्हणून लिहूनच पाठवतोय. काकांचा तबकड्यांचा खोका बाहेर कुणाला कॉम्प्युटरवर घ्यायला देऊ नकोस रे, प्लीज. आपण करू. तुझ्याकडे लॅपटॉप आहे, काकांचं टर्नटेबल अजून फिरतंय, बाकी लागतं ते फार नाही.

का नको म्हणतोय ते सांगतो. बाहेरून करून आणलेल्या काही कॉपी मी ऐकल्यात, सगळ्या गाण्यांना एकच सेटिंग लावून खरखर काढलेली असते, पहिल्यांदा ऐकताना वाटतं वा काय स्वच्छ झालंय, आणि मग लक्षात येतं की तंबोराच गेलाय. सॉफ्टवेअरला आपण एक तुकडा दाखवतो की हा आवाज नको, मग ते तसला आवाज सगळीकडून कमी करतं. आता आपल्या गाण्यात तंबोरा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा चालू, त्या तुकड्यात तो आला की मशीनला तोही खरखरच वाटणार! तबल्याचंही तेच, टिकटिक काढणारं फिल्टर जोरात लावलं की चाटीवरची (तबल्याच्या काठावरची) थाप बोथट होते, कारण थाप पण अचानक येते आणि टिकटिक पण अचानक येते. नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या तबकड्यांवर हे झालं तर उरलं काय? म्हणून माझा नियम एकच, पहिली कॉपी जशी आहे तशी, खरखरीसकट, आणि तिला कधीच हात लावायचा नाही. साफसफाई जी करायची ती दुसऱ्या कॉपीवर, तीही थोडीच, आणि नमुना घ्यायचा तो गाणं सुरू व्हायच्या आधीच्या रिकाम्या खाचेतला.

आता सामान. टर्नटेबलची वायर सरळ लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नकोस. एलपी, म्हणजे मिनिटाला ३३ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकड्या, कापताना बास मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात, वाजवताना ते उलटं करावं लागतं (१९५४ साली त्याचं आरआयएए नावाचं स्टँडर्ड ठरलं), ते काम फोनो प्रीअँप करतो. तो नसला तर गाणं पातळ, पत्र्यासारखं ऐकू येतं. त्याच्यापुढे एक छोटा यूएसबी इंटरफेस, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. टर्नटेबलची ग्राउंडची बारीक वायर प्रीअँपला जोडायची, नाहीतर मागे घूं घूं येत राहतं. तरी आलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर करून बघ, बऱ्याचदा तिथेच जातं.

रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेव, आवाजाची सगळ्यात उंच टोकं उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू देत, तान वर गेली आणि आवाज फाटला तर तो परत जोडता येत नाही. २४ बिट ९६ किलोहर्ट्झला मिनिटाला साधारण ३५ एमबी जातात, म्हणजे ४० मिनिटांची एलपी १.४ जीबीच्या आसपास. हार्डडिस्क आता स्वस्त आहेत, त्यात कंजुषी नको. शेवटी फ्लॅक नावाच्या प्रकारात फाईल करायची, जागा वाचते आणि आवाजातलं काही जात नाही. एमपीथ्री फक्त गाडीत ऐकायला.

खोक्यात खाली ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या जाड तबकड्या आहेत ना, त्यांना एलपीची पिन लावू नकोस. त्यांची खाच रुंद असते, बारीक पिन तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर उचलते, त्यांच्यासाठी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी पिन मिळते. आणि त्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या असतात, अल्कोहोल लावलंस तर तबकडीच विरघळेल, हे काकूंनाही सांगून ठेव, त्या पुसायला घेतील. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, लेबल भिजू न देता.

दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, जे काही ७८ वर असेल ते आधी घेऊया. मंगेशी, केरी, कुर्डी ही त्यांची गावं, सगळी आपल्याच गोव्यातली माणसं. कुर्डी तर साळावलीच्या धरणात गेली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की थोडी वर येते. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली आणि इथे आपल्या माळ्यावर त्यांच्या तबकडीला बुरशी लागतेय, हे मला सहन होत नाही. त्यातून एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात या लोकांनी अख्खा राग उभा केलाय, आलापाचा एक श्वासही फुकट घालवलेला नाही. म्हणून सुरुवात-शेवट कापताना घाई करू नकोस, शेवटचा सूर विरून जाईपर्यंत चालू राहू दे.

पावसात मात्र हे काम नको. हवेत इतका दमटपणा असतो की पुसलेली तबकडी कव्हरात घालेपर्यंत परत ओलसर होते, आणि लाईट मध्येच गेली की अख्खी बाजू पुन्हा. चवथीला (गणेश चतुर्थीला) येशील तेव्हा फक्त खोका माळ्यावरून खाली काढ, तबकड्या आडव्या रचल्या असतील तर उभ्या कर, वाकतात त्या, आणि कुजलेली आतली पाकिटं टाकून दे. पण बाहेरची कव्हरं टाकू नकोस! त्यांचे आणि लेबलांचे फोटो काढायचेत, रेकॉर्ड नंबर, साथीदारांची नावं, काकांनी पेनाने लिहिलेली खरेदीची तारीख, सगळं फाईलबरोबर राहिलं पाहिजे. नाहीतर काही वर्षांनी 'ट्रॅक ०७' कुणाचा ते कुणालाच कळणार नाही.

डिसेंबरात सुट्टी काढ, हवा कोरडी असते. मी फोंड्याहून इंटरफेस आणि प्रीअँप घेऊन येतो, संध्याकाळी पंखे बंद करून बसू. एक बाजू घ्यायची म्हणजे ती पूर्ण ऐकायचीच, पर्याय नाही, आणि मला तर तेच हवंय. काकूंनाही बसव, कुठली तबकडी कधी आणली ते त्याच सांगतील, ते फोनवर रेकॉर्ड करून घेऊ.

तोवर टर्नटेबलच्या पिनेजवळ, ती जिच्यात बसते त्या कार्ट्रिज नावाच्या डबीवर काय नाव-नंबर लिहिलाय त्याचा जवळून फोटो पाठव. नवी पिन त्यावरूनच मागवावी लागेल, जुनी झिजलेली पिन मी काकांच्या तबकड्यांवर ठेवू देणार नाही.

तुझाच,
फोंड्याचा दोस्त