बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग बघा

संपादक महोदय,

पावसाळा लागला की म्हापसा-मडगावकडच्या गॅरेजांत जुन्या पिकअप ढकलत आणल्या जातात आणि मालक थेट नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात. दोष बरेचदा अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन आणि चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणाऱ्या जोडणीचा असतो. एक तर खारी हवा, त्यात मासळीच्या गाडीत चॅसिसवर ठिबकणारं बर्फाचं खारट पाणी. इंजिन-चॅसिस जोडणारी पट्टी वरून धड दिसते. बोल्ट सोडला की खाली हिरवी भुकटी.

मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी दोन टर्मिनलांवर १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, एक टोक निगेटिव्ह टर्मिनलच्या शिशाच्या खुंटावर (त्यावर बसणाऱ्या वायरच्या क्लॅम्पवर नव्हे!), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर करंट तिथंच अडतोय. पट्टी काढून दोन्हीकडचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत नसेल तरच अल्टरनेटरकडे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे) वळा.

आणि फ्यूज उडतो म्हणून १० अँपिअरच्या जागी ३०चा घालणं म्हणजे हाताने वायरिंग पेटवणं.

— दोन ऑटो इलेक्ट्रिशियन, म्हापसा