ग्वाल्हेरच्या कार्यक्रमाबद्दल, अनंतास

लश्कर, ग्वाल्हेर

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

पाहुण्यांची यादी मिळाली. गायिका, एकपात्री कलाकार, मालिकेतल्या अभिनेत्री आणि कवी, असे चौघे एकाच संध्याकाळी! तिघेच ठेव. कवींना वेगळी बैठक दे. गाण्याची वाट बघत बसलेल्या लोकांपुढे त्यांना वीस मिनिटं उभं करणं बरं नाही. आणि एक गोष्ट आत्ताच पक्की कर: वाद्यं लागली की पहिल्या स्वरापर्यंत मध्ये काही येता कामा नये. सत्कार नाही, प्रायोजकांचे आभार नाहीत, कुणाचे 'दोन शब्द' नाहीत.

याचं कारण कार्यक्रम जानेवारीतला. इथली रात्र ५-७ अंशांपर्यंत उतरते. गार, दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते आणि स्वर उतरतो. मंचावरचे दिवे तापले की तीच पुडी सुकून ताणते आणि स्वर चढतो. म्हणून उघडं मैदान नको, सभागृहच घे. वाद्यं दुपारी ४ वाजता आत आणून ठेवायची आणि गाण्याआधी तासभर दिव्यांखाली राहू द्यायची. गाडीच्या डिकीतून थेट मंचावर तर नाहीच. हीटरसमोर तबला शेकायला कुणी निघालं तर हात धर: पुडी तेवढ्यापुरती ताणते, गार झाली की पुन्हा उतरते, शिवाय पुडीवरची काळी शाई तडकते. थोडा फरक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, हातोडीने निघतो, जास्त असेल तर वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकावे लागतात. एवढं करून लावलेल्या साजापुढे दहा मिनिटं भाषण झालं, की दोन्ही तंबोरे पुन्हा जुळवायला घ्यावे लागतात आणि मघाशी शांत झालेलं सभागृह खोकायला लागतं.

आपल्या श्रोत्यांना हे चटकन कळतं. तानसेन समारोह या संगीत महोत्सवाची सकाळ इथे शहनाई, ढोलीबुवा या कीर्तनकारांची हरिकथा आणि मिलाद (पैगंबरांची स्तुतिगीतं) यांनी उघडते. माधव संगीत विद्यालय १९१८ पासूनचं. तिथे शिकलेल्या घरांतली माणसं तुझ्या पुढच्या रांगेत असणार.

तेव्हा क्रम असा धर. ६ वाजता सगळे सत्कार एकदम, १० मिनिटांत. शाल-श्रीफळ द्या, ओला हार नको. मांडीवर ठेवलेल्या हाराचं पाणी ठिबकत राहतं. तशाच ओल्या हाताने कुणी तबला उचलून बाजूला ठेवला तर पुडी गेलीच. मग अभिनेत्रींची मुलाखत २५ मिनिटं, एकपात्री ३५. पडदा पाडून २० मिनिटांचं मध्यंतर, तेवढ्यात साज लावायचा. पडदा उघडताना तंबोरे सुरू असलेच पाहिजेत. गाण्याला ९० मिनिटं. ९ वाजता लोक घरी निघतील, थंडीत तेच बरं.

एकपात्रीवाल्यांना आधीच सांग, इथे आजी मराठीत बोलते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. पुण्याच्या पेठांवरचे विनोद निम्म्या लोकांपर्यंत पोचणार नाहीत. घर, लग्न, शेजार यांवरचे पोचतील. त्यांना कॉलर माईक लागेल. तो उपरण्याला घासला की खरखर येते, म्हणून उपरणं नको, आणि सेल नवे घाला.

ध्वनिवाल्याला आकडा दे: गायिकेला १ माईक, तबला-डग्ग्याला २, पेटीला १, तंबोऱ्यांना २, मुलाखतीला २, कॉलर १, निवेदकाला १. झाले १०. मिक्सर १२ चॅनेलचा घे, दोन हाताशी राहतील. दिव्यांचे डिमर (उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) आणि ध्वनी एकाच फेजवर नकोत. स्पीकरमधून गुणगुण येते आणि ती तंबोऱ्यातच मिसळते, शोधूनही सापडत नाही. चौकी मंचापासून दीड फूट वर घे. तबला गायिकेच्या उजव्या हाताला, पेटी डाव्या.

कलाकारांना आदल्या दिवशीच इथे पोचव. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने सुमारे दिवसभर लागतो, त्यात धुकं. मानधन लेखी ठरव. साथीदारांचं त्याच रकमेत आहे की वेगळं, हे स्पष्ट विचार. भांडणं तिथेच होतात. ध्वनिमुद्रणाची परवानगीही त्याच कागदावर घे. गायिकेला कोमट पाणी, जेवण कार्यक्रमानंतर.

आणि उद्याच फोन करून गायिकेची पट्टी, म्हणजे त्या कुठल्या स्वराला 'सा' धरून गातात ते, विचार. काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) असेल तर मोठ्या तोंडाचा तबला लागेल. इथे सहज हाताशी असतो तो टीपेचा, म्हणजे उंच स्वराचा, काळी एकचा. पंचम वर्ज्य असलेला, म्हणजे 'प' न लागणारा, राग गाणार असतील तर तेही आधीच कळू दे, म्हणजे तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला की निषादाला लावायची ते ठरवून ठेवतो.

तुझा,
विनायक