आजीचा अंगठा आणि इथलं कार्ड

तालिन, एस्टोनिया

ती. बाबांस सा. नमस्कार.

रेशनच्या मशीनवर आजीचा अंगठा पुन्हा लागला नाही आणि तिला रिकाम्या पिशवीनं परत पाठवलं, हे ताईकडून कळलं. फार संताप आला. उभा जन्म शेतात राबून ठसे झिजले, यात तिचा काय दोष? पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं, म्हणून तर हे जास्तच लागतं.

इथे २००२ पासून नागरिकांना चिपचं कार्ड आहे, माझ्यासारख्या परवान्यावर राहणाऱ्यांनाही तसंच मिळतं. ओळख पटवायला चार आकडी पिन, सहीसाठी वेगळा पाच आकडी. घरभाड्याच्या करारावर मी घरी बसूनच सही केली. परवा औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक थकलेले आजोबा होते. त्यांनी कार्ड दिलं, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध दुकानातल्या बाईंना स्क्रीनवर दिसलं, दोन मिनिटांत पुडकं हातात. झेरॉक्स नाही, अंगठा नाही.

इथेही घोटाळा झालाच होता. २०१७ मध्ये साडेसात लाखांवर कार्डांच्या चिपमध्ये दोष निघाला, आणि देशाची वस्ती जेमतेम १३ लाख! नोव्हेंबरात त्या कार्डांचे ऑनलाइन व्यवहार थांबवले, चिपमध्ये ओळख पटवणारी नवी डिजिटल प्रमाणपत्रं घातल्यावर पुन्हा सुरू झाले. तोवर दाखवायचं ओळखपत्र म्हणून तेच कार्ड चालत होतं. पिन बदलता येतो, चिप बदलता येते. आजीचा अंगठा कुठून बदलून आणायचा?

आणखी एक मला फार आवडतं. आपली माहिती कुठल्या खात्यानं कधी पाहिली, ते इथे सरकारी संकेतस्थळावर बघता येतं. आधारलाही ऑथेंटिकेशन हिस्टरी, म्हणजे ओळख कधी कधी तपासली त्याची नोंद, आहे, ताईला आजीची काढायला सांगा. आणि आधारची झेरॉक्स मागेल त्याला देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

कागद मात्र जपा. सगळं आता मोबाइलवर आहे म्हणून जुनं रेशनकार्ड, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेतून काढून टाकू नका.

अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असं केंद्राच्या अन्न खात्यानं ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. दुकानदाराशी वाद घालत बसू नका. तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्ज मी लिहून ताईच्या व्हॉट्सअॅपवर पाठवते.

आजीला नमस्कार.

तुमची,
नंदा