आमच्या परसातल्या आगटीबद्दल अण्णांस

तीर्थस्वरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय मोडता. आता तुम्ही पुण्याला लेकीकडे आहात, तेव्हा ही संधी साधून चारचौघांनाही वाचता येईल असे हे पत्र लिहीत आहे. परसात आगटी बांधण्याच्या विचारात असलेला कोणी हे वाचेल, तर मी आणला तसला पाइप त्याने तरी आणू नये, एवढा हेतू त्यामागे आहेच.

दिवाळीनंतर घरामागच्या मोकळ्या जागेत आगटी बांधायची आणि तिच्यावर खालीवर सरकणारी जाळी बसवायची, असे मी ठरवले, तेव्हा माझ्याजवळ कागदावरचे एक चित्र, नदीतून आणलेले पंधरावीस गुळगुळीत काळे गोटे आणि खांबासाठी नळाच्या कामातून उरलेला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप एवढेच सामान होते. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात काढलेल्या तुम्हाला ते दाखवायला मी मोठ्या अभिमानाने आलो होतो. तुम्ही चित्र बाजूला ठेवलेत आणि एक गोटा उचलून तुमच्या बंबाखालच्या निखाऱ्यांत सरकवलात. मला चार पावले मागे उभे केलेत आणि बंबापुढे पत्र्याचे घमेले आडवे धरलेत. दहाएक मिनिटांनी फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि एक टवका घमेल्यावर आपटला. नदीतल्या दगडाच्या बारीक छिद्रांत पाणी मुरलेले असते, त्याची वाफ होताना ते सोळाशे पटींहून अधिक जागा मागते आणि ती मिळाली नाही की दगड फोडते, हे तुम्ही त्यानंतर सांगितलेत. घमेल्यावरची ती खोक मी अजून विसरलेलो नाही, कारण आगटीभोवती आमची मुले बसणार होती.

पाइपाच्या बाबतीत तर तुम्ही रागावलातच. जीआय पाइपावरचे जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि तुमच्या हाताखालच्या एका पोऱ्याला तो कसा भरला होता, हे तुम्ही इतक्या तपशिलाने सांगितलेत की मी तो पाइप तसाच परत नेला. त्याच्या जागी दीड इंची काळा, म्हणजे जस्त न चढवलेला पाइप आला.

जमिनीचेही तसेच. आमच्याकडे दोन फूट काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर विटांचे कडे बांधले तर वर्षात तडकेल, असे म्हणून तुम्ही मला खाली मुरूम लागेपर्यंत खणायला लावलेत. (माझ्या हाताला आलेले फोड पाहून काकू हसल्या, तुम्ही मात्र हसला नाहीत, याची मी नोंद घेतली आहे.) तळाला खडी, आतून फायर क्लेमध्ये (आच सोसणाऱ्या मातीत) बसवलेल्या फायर ब्रिक म्हणजे भट्टीच्या विटा, बाहेरून साध्या विटा आणि हवेसाठी खाली चार भोके, एवढे काम दोन रविवारांत उरकले.

खरी मौज जाळीची. खांबाला ओळंबा लावून तुम्ही तो काँक्रीटमध्ये उभा करवून घेतलात आणि त्यावर सरकणारी नळी मी हट्टाने फूटभर लांब ठेवली, कारण लांब म्हणजे मजबूत असे मला वाटले. जाळीवर वांगी ठेवली की ती नळी हळूहळू खाली घसरत निखाऱ्यांपर्यंत जायची. तुम्ही काही न बोलता ग्राइंडरने ती कापून चार इंचांची केलीत आणि जाळी जागच्या जागी थांबली. नळी आखूड असली की बाजूच्या भाराने ती तिरकी होऊन खांबाला वरच्या आणि खालच्या कडेने जखडते, आणि ती उचलायची तर खांबाजवळ धरून उचलावी लागते, ही युक्ती मला चित्रात कुठेच सापडली नसती. "खांबाला तेल मात्र लावायचं नाही," ही तुमची ताकीद पाळली आहे. तरीही खबरदारी म्हणून तुम्ही नळीला नट जोडून आवळायचा बोल्ट दिलात आणि त्याची दांडी वाकवून हाताला बसेल अशी केलीत.

जाळीच्या स्टेनलेस स्टीलच्या कांबी तुम्ही एकाच टोकाला वेल्ड केल्यात आणि दुसरे टोक चौकटीच्या भोकांत मोकळे सोडलेत. ते मला आधी अर्धवट काम वाटले होते, हे आता कबूल करतो. पहिल्याच जाळाला प्रत्येक कांब त्या भोकातून दोनेक मिलिमीटर पुढे आली आणि निवल्यावर परत गेली. दोन्ही टोके जखडली असती तर जाळी पापडासारखी वाकली असती.

एवढ्या कामाचे तुम्ही वेल्डिंगच्या कांड्यांचे पैसे तेवढे घेतलेत. तुम्ही स्वतः सगळे चार तासांत केले असते, पण तुम्ही मला दोन रविवार खणायला, कापायला आणि चुकायलाही लावलेत. त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

आता जाळी खालून चार बोटांवर ठेवली की वांगी करपून सोलायला येतात आणि वीतभर वर नेली की कडक भाकरी नुसती गरम होते. आच जोखायला तळहात जाळीजवळ धरून आकडे मोजण्याची तुमची पद्धत मुलांनी उचलली आहे. हुरड्याला जाळी लागत नाही, कणसे गोवऱ्यांच्या गरम राखेतच पुरायची, हे तुमचे म्हणणे मान्य असल्यामुळे तेवढ्यापुरती जाळी खांबावर फिरवून बाजूला घेतो.

तुमची कानस माझ्याकडेच राहिली आहे. ती मी आणून देणार नाही, न्यायला तुम्हीच या. गूळभेंडी ज्वारीची कणसे आणखी पंधरा दिवस कोवळी राहतील असे शेतावरून कळले आहे, तेव्हा काकूंना घेऊन त्याआत यावे. शेंगांची चटणी घरची आहे.

आपला,
गल्लीच्या टोकाचा शेजारी