आमची मनी पडली तेव्हा

जुळे सोलापूर,
मे महिना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू मांजराचं पिल्लू आणलंस, आणि तुझं घर आठव्या मजल्यावर. पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

गेल्या आठवड्यात आमची मनी चौथ्या मजल्यावरून पडली. इथला उकाडा तुला ठाऊकच आहे, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. गॅलरीची खिडकी मीच उघडी ठेवून झोपलो. पहाटे कठड्यावर कबूतर बसलं आणि तिनं झेप घेतली.

खाली धावलो, तर मनी स्कूटरमागे चारही पायांवर बसलेली. शेजारी म्हणाले, "मांजर पायावरच पडतं, काही होत नाही." मलाही क्षणभर हायसं वाटलं. मग वाकून पाहिलं. नाकपुडीखाली रक्ताचा थेंब होता, आणि ती तोंड उघडून श्वास घेत होती. मांजर कुत्र्यासारखं धापत नाही रे! तिला चादरीत गुंडाळून, खोक्यात आडवी ठेवून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी जबडा उघडून दाखवला. टाळूला मधोमध चीर. एवढ्या उंचीवरून पायांवर पडलं तरी सगळा धक्का पायांना पेलत नाही, हनुवटी आणि छाती आपटतेच. एक्सरेत फुप्फुसाभोवती हवा साठलेली दिसली. ती सुईनं काढली तेव्हा कुठे तिचं भात्यासारखं हलणारं पोट शांत झालं. पाय मात्र एकही मोडला नव्हता. मूत्राशयाला इजा असू शकते म्हणून लघवीवर लक्ष ठेवायला सांगितलंय. आणि हो, घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नकोस, त्यांना ती विषच आहे.

१९८७ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अशा पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी छापल्या. उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के वाचली. सात मजल्यांच्या वरून पडलेल्यांना उलट कमी लागतं, असंही त्यावरून लोक सांगतात. पण जागीच गेलेलं मांजर दवाखान्यात कोण आणतं? ती त्या हिशेबात नाहीतच. हे कळल्यापासून तुझा आठवा मजला डोळ्यांपुढून हलत नाही.

गॅलरीला तारेची जाळी बसवून घे. डासांची नको, ती नखानं फाटते. आमच्याकडे माणूस उद्या येतोय. मनी आता वाटीतलं पातळ चिकन चाटते, गिळताना मान थोडी वाकडी करते.

पिल्लाचं नाव काय ठेवलंस, कळव.

तुझाच,
मित्र